खुराड्यात नव्या कोंबड्या आणताना

(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



कार्यवाह ताईंनी मला कोंबड्यांविषयी चार शब्द बोलायला सांगितले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, आणि उभे राहून भाषण करण्याची सवय नाही. पण ताई म्हणाल्या, "खुराड्यापुढे उभी राहून बोलतेस तसेच इथे बोल." तेव्हा तसेच बोलते.

कोंबड्या कशा पाळाव्यात हे मी सांगणार नाही. ते इथल्या प्रत्येकीला ठाऊक आहे, आणि माझ्याहून जाणत्या बायका समोर बसल्या आहेत. मला सांगायचे आहे ते एवढेच, की घरात दहा-बारा कोंबड्या आधीच असताना त्यांत आणखी तीन-चार नव्या घालायच्या झाल्या, तर ते कसे करावे. आपल्या वाडीत दर दिवाळीनंतर हे काम निघते. भात घरात आलेले असते, कोंडा आणि कणी मुबलक असते, आणि पावसाळ्यात मुंगसाने म्हणा, मरीने म्हणा, खुराडे अर्धे झालेले असते. मग बाजाराला गेलेली बाई येताना पायांना दोरी बांधून दोन तलंगा घेऊन येते, आणि तिन्हीसांजेला जुन्यांच्या जोडीने त्यांनाही खुराड्यात कोंडते. दिवाळीनंतर कोंबड्या आणणे हे बरोबरच आहे. पावसात ओल असते, मे महिन्यात उन्हाची काहिली असते, त्या दिवसांत नवे पक्षी आणूच नयेत. चूक होते ती पहिल्या रात्रीच खुराड्यात कोंडण्यात.

नव्या कोंबड्या आल्या की भीती दोन प्रकारची असते. एक मारामारीची आणि दुसरी रोगाची. मारामारी डोळ्यांसमोर होते, पिसे उडतात, तुऱ्यातून रक्त येते, पोरे ओरडत येऊन सांगतात, म्हणून आपल्याला तिचीच धास्ती वाटते. रोग काही आवाज करत येत नाही. पण हिशेब केला तर मारामारीत एखादी कोंबडी जायबंदी होते, फार तर एखादी जाते. रोगाने सबंध खुराडे रिकामे होते, आणि नुसते आपलेच नव्हे, शेजारणीचेही. आपल्याकडे कोणाच्या परसाला भिंत आहे? तुमच्या कोंबड्या माझ्या उकिरड्यावर आणि माझ्या तुमच्या केळीखाली, असे दिवसभर चाललेले असते. म्हणून मी आधी रोगाचे सांगते.

दोन वर्षांपूर्वी पलीकडच्या आळीत काय झाले ते तुम्हां सर्वांना आठवते. नाव मी घेत नाही. बाजारातून दोन चांगल्या लाल तुऱ्याच्या कोंबड्या आल्या. पाचव्या-सहाव्या दिवशी त्यांतली एक तोंड वासून श्वास घेऊ लागली, हिरवट पातळ हगू लागली, आणि मग मान वाकडी करून गोल फिरू लागली. पंधरा दिवसांत चार घरांची खुराडी ओस पडली. त्यांतल्या एका घरी अंड्यांचे पैसे डब्यात साठवून मुलीला शिलाईचे मशीन घ्यायचे ठरले होते. मशीन राहिले. आणि ज्या घरी त्या कोंबड्या आल्या होत्या त्या घराशी शेजारणीने बोलणे टाकले, ते अजून टाकलेलेच आहे. कोंबड्या पुन्हा आणता येतात. बोलणे पुन्हा सुरू करणे फार अवघड असते. त्या बाईने जाणूनबुजून काही केले नव्हते. तिला हे कोणी सांगितलेच नव्हते.

या रोगाला आपण मानमोडी म्हणतो. दवाखान्यात त्याला रानीखेत म्हणतात. रानीखेत हे तिकडे हिमालयाच्या बाजूला, कुमाऊँ भागातले एक गाव आहे. १९२७-२८ च्या सुमाराला हा रोग आपल्या देशात प्रथम तिथे ओळखला गेला, म्हणून त्या बिचाऱ्या गावाचे नाव रोगाला चिकटले. विलायतेत तो १९२६ साली न्यूकॅसलला आढळला, म्हणून तिकडे न्यूकॅसल म्हणतात. नाव काही असो, एकदा लागला की त्याला औषध नाही. लसूण, हळद, कांद्याचा रस, सगळे करून झालेले आहे. आधी टोचून घेतलेली लस तेवढी उपयोगी पडते.

आता नीट लक्ष द्या. हा रोग अंगात शिरल्यापासून दिसू लागेपर्यंत कधी दोनच दिवस लागतात, कधी पंधरा. म्हणजे बाजारात टवटवीत दिसणारी, दाणे टिपणारी कोंबडी रोग घेऊन आलेली असू शकते. आणि बाजारात ती का येते हेही समजून घ्या. एखाद्या गावात मर लागली की माणसे घाबरतात, आणि उरलेल्या कोंबड्या जिवंत आहेत तोवर चार पैसे करावेत म्हणून बाजार गाठतात. सगळेच असे करतात असे मी म्हणत नाही. पण टोपलीतली कोंबडी कुठल्या गावची आणि तिच्या बहिणी कशा आहेत, हे ती कोंबडी सांगत नाही आणि विकणाराही सांगत नाही. म्हणून माझे पहिले सांगणे असे, की शक्य तोवर बाजारातून आणूच नये. ओळखीच्या घरून आणावी, जिथे आपण खुराडे डोळ्यांनी पाहिले आहे. नाहीतर सरकारी उबवणी केंद्रातली पिल्ले घ्यावीत. आपल्याला कोल्हापूरचे केंद्र जवळ पडते.

तरीही बाजारातून आणावी लागली, किंवा माहेरहून आईने दिली, तर तिला वेगळी ठेवायची. माहेरची आहे म्हणून सूट नाही. किती दिवस? पुरे तीन आठवडे, आणि महिनाभर जमले तर उत्तम. जागा खुराड्यापासून निदान तीस-चाळीस पावले दूर असावी. गोठ्याच्या पलीकडे, लाकडांच्या खोपीत, कुठेही चालेल, पण खुराड्याला लागून नको आणि सांडपाण्याचा उतार तिकडून खुराड्याकडे नको. पहिले चार-दोन दिवस डालग्याखाली भागते, पुढे जाळी लावून थोडी फिरायला जागा करावी. तिचे पाण्याचे भांडे वेगळे, दाण्याचे वेगळे, झाडू वेगळा. सकाळी आधी आपल्या जुन्या कोंबड्यांचे सगळे उरकावे आणि शेवटी नवीकडे जावे. तिच्याकडून आल्यावर हात साबणाने धुवावेत आणि चपला बदलाव्यात. चपलांचे म्हटले की बायका हसतात. पण विष्ठा चपलेलाच चिकटून येते, आणि विष्ठेतूनच बहुतेक रोग येतात. तिकडे एक जुनी चप्पल कायमची ठेवून द्यावी, म्हणजे बदलण्याचा कंटाळा येत नाही.

या दिवसांत कोंबडी रोज हातात घेऊन पाहावी. नाकाला पाणी आहे का, डोळ्यांत फेस आहे का, कानाशी धरली तर श्वासाची घरघर येते का, मागची पिसे चिकटलेली आहेत का. पंखाखाली आणि गुदाशी पिसे फुंकर घालून दुभागावीत, उवा असल्या तर तिथे पळताना दिसतात. पायांवरचे खवले उचललेले आणि खडबडीत असतील तर तिथे किडा आहे, त्याला खोबरेल किंवा कडुनिंबाचे तेल चोपडावे. एका घमेल्यात कोरडी माती आणि चुलीची चाळलेली राख घालून ठेवली की ती आपणहून लोळते आणि अंग साफ करते. जंताचे औषध दवाखान्यातून विचारून द्यावे. वजन पाहून मात्रा असते, अंदाजाने देऊ नये. अंडी देणारी कोंबडी असेल तर जागा बदलल्याने ती काही दिवस अंडी बंद करील. त्याने "फसवले, म्हातारी गळ्यात मारली" असा त्रागा करू नये.

काही कोंबड्या स्वतः बऱ्या होतात पण रोग अंगात बाळगून असतात. सर्दीचे असे विशेष होते. त्यासाठी शेवटच्या आठवड्यात आपली एक साधी कोंबडी नव्यांच्या सोबतीला ठेवावी. ती आठ-दहा दिवस धड राहिली, तर पुढचे पाऊल टाकावे. मला स्वतःला हे थोडे निष्ठुर वाटते, आणि कोणती ठेवायची ते ठरवताना जीव होत नाही. तरी एकीवर भागते ते बाराजणींवर जाण्यापेक्षा बरे, म्हणून मी ते करते.

आता पक्ष्यांच्या फ्लूविषयी एकच सांगते, कारण त्याच्या बातमीने सगळ्यांचे हातपाय गळतात. आपल्या देशात तो प्रथम २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला निघाला, आणि २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यात मुरुंबा गावी. असा रोग ठरला की आसपासच्या टापूतल्या सगळ्या कोंबड्या मारून पुरतात, निरोगी असल्या तरीही. तेव्हा एकाएकी दोन-चार कोंबड्या मेल्या तर त्या ओढ्यात टाकू नका, कापू नका, आणि देवाशपथ, उरलेल्या बाजारात नेऊ नका. गुरांच्या दवाखान्यात कळवा. दुसऱ्याच्या बाजारातल्या कोंबडीला आपण नावे ठेवतो, तर आपलीही तिथे तशी जाता कामा नये.

असो. रोगाचे झाले. आता भांडणाचे सांगते, आणि हा भाग माझ्या आवडीचा आहे.

कोंबड्या भांडतात त्या उगाच नव्हे. त्यांच्यात मडक्यांसारखी उतरंड असते. सर्वांत वरची कोंबडी बाकी सगळ्यांना टोचते, तिला कोणी टोचत नाही. दुसरी पहिलीचे टोचणे सोसते आणि खालच्यांना टोचते. असे करत करत शेवटची एक असते, तिला सगळ्या टोचतात. नॉर्वे देशात थॉर्लीफ श्येल्डरुप-एब्बे नावाचे एक गृहस्थ होते. ते लहानपणापासून कोंबड्या पाहत बसत आणि कोणी कोणाला टोचले ते वहीत लिहून ठेवत. त्यांनी १९२१-२२ च्या सुमाराला ही गोष्ट शास्त्रात मांडली, असे आम्हांला कुक्कुटपालनाच्या शिबिरात सांगितले. मला ऐकून गंमत वाटली. आपल्या सासवा-आजेसासवा हे पिढ्यान्‌पिढ्या पाहत आल्या, फक्त वही घेऊन बसायला त्यांना कोणी सवड दिली नाही.

ही उतरंड लागलेली असते तोवर खुराड्यात शांतता असते. वरची नुसती मान ताठ करून पाहते, खालची बाजूला होते, टोचायची गरज पडत नाही. नवी आली की मात्र तिची जागा कोणती ते ठरलेले नसते. दहा जुन्या आणि तीन नव्या असतील, तर प्रत्येक नवीला दहाजणींशी एकेकदा निवाडा करावा लागतो. म्हणजे तीस निवाडे झाले. ते एका दिवसात कसे होतील? आठ दिवस लागतात, कधी पंधरा. आणि आज एक आणली, पुढच्या बाजाराला आणखी एक, असे केले तर दर आठवड्याला सगळे पुन्हा पहिल्यापासून. म्हणून आणायच्या त्या एकदम आणाव्यात. कोंबडी दुसरीला मुख्यतः डोक्यावरून, तुऱ्यावरून ओळखते, आणि पंधरा-वीस दिवस दृष्टीआड राहिली की आपली जुनीसुद्धा परकी होते. आजारी म्हणून वेगळी काढलेली कोंबडी परत सोडतानाही हेच सगळे करावे लागते, हे पुष्कळजणींच्या ध्यानात येत नाही.

दुसरे असे की एकटी कोंबडी कधीही आणू नये. निदान दोन, तीन असल्या तर फार चांगले, आणि त्या एकमेकींच्या ओळखीच्या असाव्यात. एकटी असली की दहाजणींचा सगळा राग एकीवर. कोणी म्हणेल, नव्या सुनेसारखेच आहे हे. मला ती उपमा मान्य नाही. सुनेला बिचारीला एकटीनेच यावे लागते. कोंबडीला निदान आपण सोबतीण देऊ शकतो.

वेगळे ठेवण्याचे दिवस संपले की मग "दिसावे पण टोचता येऊ नये" अशी सोय करायची. खुराड्याच्या अंगणातच एका कोपऱ्याला तारेची जाळी लावून नव्यांना आत ठेवायचे. जाळीची भोके बारीक असावीत, नाहीतर मान आत घालून टोचतात. जुन्या येतील, जाळीपाशी फुगून उभ्या राहतील, दोन दिवस येरझारा घालतील. तिसऱ्या दिवशी त्यांना कंटाळा येतो. दाणे जाळीच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ टाकावेत, म्हणजे शेजारी शेजारी खाण्याची सवय होते. आठ दिवस असे गेले की निम्मे भांडण न भांडताच मिटते. ज्यांच्या घरी जाळी नाही त्यांनी भाताच्या पेंढ्याची गाडी झाकायची जुनी जाळी किंवा माशांचे फाटके जाळे दुहेरी करून बांधावे. पण मुंगसापुढे ते टिकत नाही, तेव्हा रात्री डालग्याखाली दगड ठेवून डालावे.

मग एकत्र सोडायचे. यासाठी दुपारनंतरची वेळ, चार-साडेचारची. मोकळ्या परसात सोडायचे, खुराड्यात नव्हे. पळायला जागा असली की मार खाणारी पळून जाते आणि तेवढ्याने वरचीचे समाधान होते. कोंडलेल्या जागेत पळता येत नाही, म्हणून तिथे रक्त निघते. परसात दोन-चार आडोसे करावेत. उलटी टोपली, फळी भिंतीला तिरकी टेकवून, केळीची सोपटे, झाडाची एखादी फांदी, जे असेल ते. आडोशाला दोन्हीकडून वाट हवी, नाहीतर तोच पिंजरा होतो. आणि जड जातीची नवी कोंबडी असेल, गिरिराज किंवा वनराज, तर हे आडोसे अधिकच हवेत. आपली गावरान अंगावर आली कोणी की भुर्रकन उडून आंब्याच्या फांदीवर बसते. गिरिराज अंगाने दुप्पट, पण उडता येत नाही, आणि स्वभावाने गरीब. मी पाहिले आहे, दीड किलोची गावरान तीन किलोच्या गिरिराजला कोपऱ्यात दाबून ठेवते.

त्या दिवशी दाणे एका परातीत देऊ नयेत, परसभर फेकावेत. पुढेही दाण्यापाण्याची भांडी दोन-तीन ठेवावीत, आणि एकमेकांना दिसणार नाहीत अशी. एक घराच्या या बाजूला आणि एक त्या बाजूला. वरची कोंबडी दोन ठिकाणी राखण करू शकत नाही. नवी कोंबडी मारामारीने मरत नाही, पण भांड्यापाशी जाऊ दिले नाही तर उपाशी, तहानेली राहून खंगते. संध्याकाळी तिच्या गळ्याखालची पोटरी चाचपून पाहावी. भरलेली असली म्हणजे जेवली. रिकामी असली तर वेगळी घेऊन खाऊ घालावे. माठाची जुडी, कोबीचा पाला, असे काही उंचावर टांगून ठेवले तर उड्या मारून खाण्यात सगळ्या गुंततात आणि नवीकडे पाहायला सवड राहत नाही.

"रात्री गुपचूप खुराड्यात सोडावी, सकाळी जुन्यांना कळतही नाही," असे आपल्यात सांगतात. यातले अर्धे खरे आहे. अंधारात कोंबडीला दिसत नाही, म्हणून रात्री भांडण होत नाही, आणि एका दांडीवर बसून वास-आवाजाची सवय होते. पण सकाळी कळते, चांगलेच कळते, आणि तेव्हा दार बंद असते. म्हणून जाळीचे आठ दिवस झाल्याशिवाय हे करू नये, आणि केले तर पहिले तीन-चार दिवस उजाडण्याच्या आत उठून दार उघडावे. आतल्या दांडीवर दर कोंबडीला आठ-नऊ इंच तरी जागा हवी. उंचावरची जागा जुन्या घेतात, ती त्यांची त्यांना घेऊ द्यावी.

आता मध्ये कधी पडायचे? नुसते टोचणे, पाठलाग, पिसे उपटणे, यात पडू नये. पडले तर निवाडा लांबतो आणि उद्या पुन्हा पहिल्यापासून. मात्र रक्त दिसले की त्या क्षणी मध्ये पडावे. लाल रंग दिसला की बाकीच्याही तिथेच टोचू लागतात, मग थांबत नाहीत. जखमी कोंबडी उचलून वेगळी घ्यावी, जखम मिठाच्या कोमट पाण्याने धुऊन वर हळद-तेल लावावे, आणि खपली धरून लाली जाईपर्यंत सोडू नये. एखादीच फार मारकुटी असेल तर मार खाणारीला काढण्याऐवजी मारणारीलाच चार-पाच दिवस डालून ठेवावे. ती नसताना बाकीच्यांचे जमते, आणि ती परत येते तेव्हा तिचा तोरा थोडा उतरलेला असतो. चोच कापण्याचा सल्ला काही जण देतात. मी त्याच्या विरुद्ध आहे. परसात फिरून किडे-मुंग्या टिपणाऱ्या कोंबडीची चोच कापली तर तिने खायचे कसे?

कोंबड्याचे थोडक्यात सांगते. आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरे. जुना असताना दुसरा वयाचा कोंबडा आणू नये, दोघांतला एक झाडावरच राहील. एक बरा कोंबडा असला की तो कोंबड्यांच्या भांडणात मध्ये घुसून ती मोडतो, हाही फायदा आहे.

पिल्लांची गोष्ट मात्र वेगळी आहे. केंद्रातून आणलेली पिल्ले दिव्याखाली वाढवून मग मोठ्यांत सोडायची, तर अंगाने जवळजवळ त्यांच्याएवढी होईपर्यंत थांबावे, म्हणजे निदान तीन महिने. त्याआधी सोडली तर मार तर बसतोच, शिवाय मोठ्यांच्या विष्ठेतून रक्ती हगवण लागते. मोठ्या कोंबड्यांना ती पचलेली असते, पिल्लांना नसते. जमीन ओली राहिली की ती फार पसरते, तेव्हा भाताचे तूस घालून जागा कोरडी ठेवावी. जाळीला खाली लहानसे भोक ठेवले, पिल्लू जाईल पण कोंबडी जाणार नाही एवढे, तर पिल्ले बाहेर येऊन हिंडतात आणि घाबरली की सर्रकन आत पळतात. खाण्याचेही पाहावे लागते. अंड्यांवरच्या कोंबडीच्या खाद्यात चुना फार असतो, तो लहान पिल्लांच्या मूत्रपिंडाला बाधतो. म्हणून एकत्र असतील तेव्हा वाढत्या पिल्लांचे खाद्य सगळ्यांनाच घालावे आणि शिंपल्यांचा चुरा मोठ्यांसाठी वेगळ्या भांड्यात, उंचावर ठेवावा.

पण या सगळ्या खटाटोपाला एक सोपी वाट आहे, आणि ती आपल्या गावरान कोंबडीपाशी आहे. खुडूक कोंबडी. शहरातल्या अंड्यांच्या धंद्यात खुडूक म्हणजे तोटा. आपल्याला ती हातात आलेली दाई आहे. कोंबडी खुडूक बसून अठरा-वीस दिवस झाले, की एक-दोन दिवसांची पिल्ले आणावीत. याहून मोठी नकोत, कारण नुसते कोंबडीने पिल्लाला ओळखून भागत नाही, पिल्लानेही तिला आई म्हटले पाहिजे, आणि ते पहिल्या दोन-तीन दिवसांतच होते. रात्री, पूर्ण अंधार झाल्यावर, दिवा न लावता जावे. एका हाताने तिच्याखालचे अंडे काढावे आणि दुसऱ्या हाताने पिल्लू सरकवावे. एकेक करून. घाई करू नये, बोलू नये. ती आतल्या आत एक बारीक आवाज काढते, पिल्लू उत्तर देते, तो आवाज ऐकला की समजावे काम झाले. आठ-दहा पिल्ले एका कोंबडीला पुरेत. पहाटे मात्र जाऊन बसावे. एखादी कोंबडी निराळ्या रंगाचे पिल्लू पाहून टोचते. जोरात टोचले तर पिल्ले लगेच काढून दिव्याखाली ठेवावीत, दुसऱ्यांदा प्रयोग करू नये.

आणि घेतली पदराखाली, तर मग तुम्हांला काही करावे लागत नाही. ना उतरंड, ना निवाडे. चार दिवसांनी ती पिल्ले घेऊन परसात उतरते आणि खुराड्यातली सर्वांत वरची कोंबडी जरी समोर आली तरी पंख पसरून अशी काही धावते, की ती वरची बाजूला होते. खुडूक बसायच्या आधी हीच कोंबडी शेवटून दुसरी असेल. दीड-दोन महिन्यांनी ती पिल्लांना टोचून लांब करते, तोवर ती परसातल्या सगळ्यांच्या ओळखीची झालेली असतात. केंद्रातून पिल्ले आणायचा दिवस आपल्या कोंबडीच्या खुडूक बसण्याशी जुळवणे एवढेच आपले काम. एक बसली की दुसरीही बसते बहुधा, तेव्हा शेजारणींनी एकमेकींना सांगावे.

आता शेवटचे, आणि यासाठीच मी बोलायला उभी राहिले. लस. पिल्लाला पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटाचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, पुन्हा एकदा चौथ्या आठवड्याच्या सुमाराला, आणि सहा ते आठ आठवड्यांनी आर-टू-बी टोचायची. नव्या आणलेल्या मोठ्या कोंबड्यांना वेगळे ठेवण्याच्या दिवसांतच, पहिला आठवडा त्या धड राहिल्या की, दवाखान्यात विचारून टोचून घ्यावी, म्हणजे एकत्र सोडेपर्यंत अंगात ताकद येते. आजारी पक्ष्याला टोचायची नाही. अडचण अशी आहे, की लसीची कुपी शंभर किंवा त्याहून जास्त पक्ष्यांची असते. ती बर्फात आणावी लागते, आणि एकदा फोडून मिसळली की दोन तासांच्या आत संपवावी लागते. बारा कोंबड्यांसाठी कोण कुपी फोडणार? म्हणून कोणीच आणत नाही. पण आपल्या वाडीतल्या घरांची मोजणी केली तर शंभर कोंबड्या सहज भरतात.

म्हणून मी असे सुचवते, की मंडळाने लसीचा एक दिवस ठरवावा. सकाळी उन्हाच्या आत किंवा संध्याकाळी. त्या दिवशी कोणी कोंबड्या बाहेर सोडू नयेत, खुराड्यातच ठेवाव्यात, म्हणजे धरायला धावाधाव होत नाही. दवाखान्यातून टोचणाऱ्यांना मंडळाने पत्र द्यावे, आणि बर्फाचा डबा माझ्या घरचा आहे तो मी देईन. ज्या घरी तीनच कोंबड्या आहेत त्यांनीही यावे, आणि पलीकडच्या आळीतल्या त्या दोन्ही घरांना मी स्वतः जाऊन सांगून येते. आपापल्या कोंबड्यांचा आणि पिल्लांचा आकडा, वयासकट, येत्या गुरुवारपर्यंत कार्यवाह ताईंकडे द्यावा.